बसलं म्हणजे बरोबर लागलं असं नाही: मदरबोर्डवर कार्ड आणि जोडण्या लावताना

कॅबिनेटचं बाजूचं झाकण पहिल्यांदा उघडलं की नवखा माणूस सगळ्यात जास्त घाबरतो ते ग्राफिक्स किंवा वाय-फायसारखं कार्ड मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवरच्या, स्लॉटमध्ये दाबताना. बोर्ड वाकतोय, आता तडकणार, असं वाटतं आणि हात मागे येतो. उलट वायरीचा एखादा प्लग हलक्या हाताने सरकन आत गेला की जीव भांड्यात पडतो. माझा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे. कार्डाला जोर लागतोच, आणि तो लावल्याने बोर्ड तुटत नाही. नुकसान होतं ते सहज आत गेलेल्या, पण चुकीच्या जागी गेलेल्या प्लगमुळे.

संगणकातल्या बहुतेक जोडण्या अशा घडवलेल्या असतात की त्या एकाच जागी आणि एकाच बाजूने बसतात. कुठे खाच असते, कुठे एक पिन मुद्दाम वगळलेली असते, कुठे खटका असतो. तिथे आकारावर विश्वास ठेवून काम करावं. काही मोजक्या ठिकाणी मात्र आकार फसवतो. या लेखात मी त्या जागांवर जास्त वेळ थांबणार आहे आणि बाकीचं पटकन उरकणार आहे.

हात लावण्याआधी

मदरबोर्डची पुस्तिका शोधा. कागदी प्रत हरवली असेल तर बोर्डवरच मॉडेलचं नाव आणि आवृत्ती छापलेली असते. त्यावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. सगळी वाचायची गरज नाही. तीन पानं पुरतात: बोर्डचा नकाशा, कुठल्या स्लॉटला किती लेन (माहिती जाण्याचे मार्ग) आहेत त्याचा तक्ता, आणि पुढच्या पॅनेलच्या पिनांची आकृती. ही तीन पानं फोनवर उघडून शेजारी ठेवा.

मग संगणक नीट बंद करा. स्लीपवर ठेवलेला संगणक बंद नसतो. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. बंद संगणकातही बोर्डवर ५ व्होल्टची राखीव वीज चालू असते, आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) थोडी उरते. बटण दाबल्याने ती निघून जाते. बोर्डवर एखादा छोटा दिवा जळत असेल तर तो विझेपर्यंत थांबा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज टिकून राहू शकतं.

स्थिर विजेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं काही होत नाही, कुणी पट्टा बांधल्याशिवाय हात लावू देत नाही. आपल्याला ठिणगीचा चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतात, म्हणून ‘मला तर काही जाणवलं नाही’ हा पुरावा होत नाही. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि काम चालू असताना अधूनमधून परत करा. कोरड्या हवेत, गालिच्यावर किंवा लोकरी कपडे घालून काम करू नका. मनगटाचा पट्टा असेल तर उत्तमच. त्यात साधारण १ मेगाओहमचा रोधक असतो. शरीरातला भार त्यातून हळू वाहून जातो आणि चुकून जिवंत तारेला हात लागला तरी प्रवाह मर्यादित राहतो.

कार्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतं, तिच्यावर बोर्ड किंवा कार्ड ठेवून वीज चालू करू नका. त्या पिशवीत धातूचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज वाहू शकते. पुठ्ठ्याचा खोका त्यापेक्षा बरा.

स्लॉट ओळखणं

आजच्या बोर्डवर कार्डांसाठी पीसीआय एक्सप्रेस हाच स्लॉट असतो. लांबीवरून त्याची नावं पडली आहेत: एक्स१, एक्स४, एक्स८, एक्स१६. आकडा म्हणजे त्या लांबीत जास्तीत जास्त मावणाऱ्या लेनची संख्या. एक्स१ स्लॉट जेमतेम २५ मिलिमीटर लांब असतो, एक्स१६ चा ८९ मिलिमीटर.

छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालतं. एक्स१ चं वाय-फाय किंवा साउंड कार्ड एक्स१६ स्लॉटमध्ये लावलं तर काहीही बिघडत नाही. स्लॉटचा उरलेला भाग रिकामा राहतो, इतकंच. आवृत्त्यांचंही तसंच. जुनं कार्ड नव्या बोर्डवर आणि नवं कार्ड जुन्या बोर्डवर चालतं. वेग दोघांपैकी हळू असलेल्याचा मिळतो. २००३ मधल्या पहिल्या आवृत्तीत एका लेनमधून सेकंदाला २५० मेगाबाइट जात. तिसऱ्या आवृत्तीत तो आकडा ९८५ च्या आसपास पोचला आणि चौथीत त्याच्या दुप्पट झाला.

आकार पहिल्यांदा फसवतो तो इथेच. बोर्डवर दोन-तीन लांबलचक स्लॉट दिसतात आणि सगळे सारखेच वाटतात. प्रत्यक्षात खालचा लांब स्लॉट बऱ्याचदा फक्त ४ लेनचा असतो. ग्राफिक्स कार्ड त्यात आरामात बसतं, चित्रही दिसतं, आणि कार्ड अपेक्षेपेक्षा हळू का चालतंय याचा शोध महिनोन्‌महिने चालतो. टॉर्च घेऊन स्लॉटच्या आत पाहिलं तर अनेकदा कळतं: संपर्काच्या सोनेरी पात्या अर्ध्याच लांबीपर्यंत असतात. पण खात्रीचं उत्तर पुस्तिकेतल्या तक्त्यात मिळतं. सर्वसाधारणपणे प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा लांब स्लॉट पूर्ण १६ लेनचा असतो आणि ग्राफिक्स कार्ड तिथेच लावावं.

जुन्या संगणकात पांढरे स्लॉट दिसतील. ते १९९२ मध्ये आलेल्या साध्या पीसीआयचे. त्याचं कार्ड एक्सप्रेस स्लॉटमध्ये जात नाही आणि एक्सप्रेसचं त्यात जात नाही. इथे आकार प्रामाणिक आहे, तेव्हा जबरदस्ती नको.

कार्ड बसवणं

१. कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड तळाशी सपाट येईल असं. उभ्या कॅबिनेटमध्ये जड कार्ड एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने स्क्रू लावणं नवख्याचं काम नाही.

२. कार्ड स्लॉटवर नुसतं धरून पाहा आणि मागच्या बाजूची कुठली पट्टी त्याच्या समोर येते ते ठरवा. मगच ती पट्टी काढा. ग्राफिक्स कार्ड बहुधा दोन पट्ट्यांची जागा घेतं, काही तीन घेतात. लांबीही आधी मोजा. पुढच्या पंख्यांवर आदळणारं कार्ड लावायला गेल्यावर लक्षात येण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

३. लांब स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा खटका असतो. तो खाली किंवा बाजूला दाबून मोकळा करा.

४. कार्ड कडांनी धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. कार्डाच्या धातूच्या पट्टीचं निमुळतं टोक बोर्ड आणि कॅबिनेटच्या फटीत उतरलं पाहिजे. ते तिथे अडकलं की कार्ड तिरकं राहतं आणि माणूस स्लॉटवर उगाच जोर देत बसतो. कार्ड बसत नसेल तर पहिल्यांदा हेच पाहा.

५. आता दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. कार्ड पुढेमागे हलवत घुसवू नका. खटका असेल तर तो ‘खट्’ असा आवाज करून वर येतो. आवाज आला नाही तर वाकून कडेने पाहा: सोनेरी पट्टी स्लॉटच्या कडेला समांतर असावी, एका टोकाला जास्त उघडी दिसता कामा नये.

६. मागच्या पट्टीचा स्क्रू लावा. मॉनिटरची वायर जोडताना किंवा काढताना कार्डावर ओढ येते आणि ती हा स्क्रूच सोसतो. तो न लावता सोडून दिलेली कार्डं मी खूप पाहिली आहेत. संगणक हलवला की अशी कार्डं स्लॉटमधून किंचित वर येतात आणि पडदा काळा होतो.

ग्राफिक्स कार्डाची वीज

या एका भागात घाई करू नका.

एक्स१६ स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला वरून वीज द्यावी लागते. ६ पिनांच्या प्लगमधून ७५ वॅट आणि ८ पिनांच्या प्लगमधून १५० वॅट, असा मानकातला हिशोब आहे. कार्डावर जितके सॉकेट आहेत तितके सगळे भरायचे. एक मोकळं ठेवून चालेल असं समजू नका. दोन सॉकेट असतील तर शक्यतो एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडं लावली तर सगळा भार त्या एका वायरीवर येतो.

एसएमपीएसमधून ८ पिनांचे दोन प्रकारचे प्लग निघतात आणि ते दिसायला भावंडं आहेत. एक प्रोसेसरसाठी, तो बहुधा ४+४ असा फुटतो. दुसरा ग्राफिक्ससाठी, तो ६+२ असा फुटतो. दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट्या आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेले असल्यामुळे चुकीचा प्लग सहसा आत जात नाही, पण ताकद लावून घालणारे लोक असतात आणि मग सरळ शॉर्ट होतो. प्लगवर सीपीयू किंवा पीसीआय-ई असं छापलेलं असतं. ते वाचूनच लावा.

याहून मोठा सापळा मॉड्युलर एसएमपीएसचा. त्याच्या वायरी दोन्ही बाजूंनी निघतात. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत काय असावं याचं कुठलंच मानक नाही. एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो. एसएमपीएस बदलताना ‘जुन्या वायरी ओढलेल्याच आहेत, राहू देत’ असा विचार करू नका. प्लग अगदी व्यवस्थित बसतील आणि बटण दाबताच हार्ड डिस्क किंवा बोर्ड जाईल. एसएमपीएस बदलला की त्याच्यासोबत आलेल्या वायरीच वापरायच्या, एकूण एक.

नव्या ताकदवान कार्डांवर १६ पिनांचं छोटं सॉकेट असतं: वीज वाहणाऱ्या १२ पिना आणि त्यांच्या डोक्यावर ४ बारीक संवेदक पिना. त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. इतका प्रवाह एवढ्याशा जागेतून जातो म्हणून प्लग अर्धवट बसला तर तो वितळण्याइतका तापतो, आणि असे प्रकार घडलेही आहेत. पुढच्या सुधारित आवृत्तीत संवेदक पिना मुद्दाम आखूड केल्या आहेत. प्लग पुरता आत गेला नसेल तर त्या जुळत नाहीत आणि कार्डाला ते कळतं. तुमचं सॉकेट कुठलंही असो, प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये, आणि प्लगच्या अगदी तोंडाशी वायर मुडपू नका.

एम.२ आणि साटा

एम.२ एसएसडीवर, म्हणजे वायरीशिवाय थेट बोर्डवर बसणाऱ्या साठवणीच्या पट्टीवर, २२८० असा आकडा दिसतो. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, एवढाच त्याचा अर्थ. बोर्डवर त्याच लांबीला स्क्रूची बैठक आहे का ते पाहा. एसएसडी साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. वर धातूचं झाकण असेल तर त्याच्या आतल्या चिकट पट्टीवरची पारदर्शक फिल्म आधी काढायची.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात पीसीआय एक्सप्रेसच्या लेनवर चालणाऱ्या वेगवान एनव्हीएमई एसएसडी येतात आणि हार्ड डिस्कच्या जुन्या साटा पद्धतीच्या एसएसडीही येतात. केवळ एनव्हीएमई ओळखणाऱ्या सॉकेटमध्ये दोन खाचांची साटा एसएसडी मजेत बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना बोर्डच्या ज्या सेटिंगमध्ये जाता येतं तिथे) मात्र तिचा पत्ता नसतो. एसएसडी खराब नसते, जागा चुकलेली असते. दुसरी गोष्ट: काही बोर्डवर एम.२ सॉकेट भरलं की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण लेन दोघांत वाटलेल्या असतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरून डेटा वाचवायला धावू नका. पुस्तिका पाहा आणि साटाची वायर दुसऱ्या पोर्टमध्ये घाला.

साटाच्या दोन्ही वायरींची तोंडं इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी असतात: ७ पिनांची माहितीची, १५ पिनांची विजेची. उलटी जातच नाहीत.

बोर्डच्या कडेच्या पिना

पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी लोकांना सगळ्यात किचकट वाटतात, पण त्यांत बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. बहुतेक बोर्डवर ९ पिनांचा एकच संच असतो आणि त्यावर पॉवरचं बटण, रीसेट आणि दोन दिवे येतात. बटणांना उलटसुलट नसतं. दिव्यांना धन आणि ऋण असतं; उलटे लागले तर फक्त पेटत नाहीत, फिरवून लावा.

यूएसबी २ आणि पुढच्या ऑडिओचे प्लग एकाच आकाराचे, पण वगळलेली पिन दोघांत वेगळ्या जागी असते, म्हणून अदलाबदल होत नाही. धोका आहे तो जुन्या बोर्डवर. तिथे फायरवायरच्या (कॅमेरे वगैरे जोडायच्या एका जुन्या पद्धतीच्या) पिनांचा संच अगदी यूएसबीसारखा दिसतो आणि त्यात १२ व्होल्ट असू शकतात. यूएसबीला ५ व्होल्ट चालतात. पुढच्या पोर्टची वायर तिथे गेली तर पुढे लावलेला पेन ड्राइव्ह जळतो. पिनांशेजारी छापलेलं नाव वाचल्याशिवाय तिथे काही लावू नका.

यूएसबी ३ चा १९ पिनांचा जाड निळा प्लग आकाराने चुकत नाही, पण त्याच्या पिना बारीक आणि वायर ताठ. तिरका घातला की पिन वाकते. प्लगवरचा उंचवटा आणि सॉकेटची खाच जुळवून सरळ दाबा. काढताना वायर न ओढता प्लग धरून काढा.

रंगीत दिव्यांच्या पट्ट्या लावणार असाल तर ३ पिनांची जोडणी ५ व्होल्टची आणि ४ पिनांची १२ व्होल्टची, हे पक्कं ठेवा. ५ व्होल्टची पट्टी १२ वर गेली तर गेलीच. पंख्यांचं तसं नाही. ३ पिनांचा पंखा ४ पिनांच्या जागी बिनदिक्कत चालतो.

वाय-फाय कार्डासोबत एक छोटी वायर येते आणि ती बऱ्याचदा खोक्यातच राहते. कार्डातलं वाय-फाय स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथ यूएसबीवर चालतं. ती वायर कार्डावरून बोर्डच्या यूएसबी २ च्या पिनांना लावली नाही तर वाय-फाय झकास आणि ब्लूटूथ गायब, असं होतं. अँटेना मात्र लावा, एकही न सोडता.

मागची बाजू

मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावा. बोर्डवरही तशीच एचडीएमआयची जागा असते आणि वायर तिथेही तितकीच छान बसते, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त होते. मग पडदा काळा राहतो किंवा चित्र येतं पण नवं कार्ड नुसतंच बसून राहतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे, त्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, तेव्हा बोर्डच्या त्या पोर्टमधून काहीच येणार नाही. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला बहुधा खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलात तर कार्डाचं सॉकेट निखळू शकतं.

कीबोर्ड आणि माउस काळ्या यूएसबी पोर्टला पुरतात. निळे पोर्ट बाहेरच्या डिस्कसाठी राखा: यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३ चा ५ गिगाबिटपासून पुढे. जुन्या गोल पीएस/२ पोर्टमध्ये जांभळा कीबोर्डचा, हिरवा माउसचा. प्लग एकसारखेच असल्यामुळे अदलाबदल सहज होते आणि मग दोन्ही मुके. ते चालू संगणकात लावू किंवा काढू नका, ती जोडणी त्यासाठी घडवलेली नाही. ऑडिओत हिरव्या जागी स्पीकर, गुलाबी जागी माइक, निळ्या जागी बाहेरून येणारा आवाज. हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेमुळे रूढ झाले आणि अजून चालतात.

पहिल्यांदा चालू करताना

एका वेळी एकच नवी गोष्ट लावा, चालू करून पाहा, मग पुढची. तीन गोष्टी एकदम लावून संगणक बंद पडला तर दोष कुणाचा ते शोधायला तिप्पट वेळ जातो. झाकण उघडंच ठेवा. एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागत नाही ना आणि सुटा स्क्रू बोर्डवर पडलेला नाही ना, ते पाहा आणि बटण दाबा.

पडदा काळा राहिला तर या क्रमाने जा: मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे का, वायर कार्डाला आहे का, कार्डाचे विजेचे प्लग पूर्ण आत आहेत का. नंतर वीज काढून कार्ड पुन्हा बसवा. अनेक बोर्डवर सीपीयू, डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. ज्या नावाशी दिवा अडकून राहतो तिथे शोधा.

चित्र आलं की विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह दिसलं तर कार्ड सापडलंय, ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. तो कार्ड बनवणाऱ्याच्या किंवा त्यातली चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्या. लिनक्सवर एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबी या आज्ञा यादी देतात. ग्राफिक्स कार्डाला किती लेन मिळाल्या तेही एकदा तपासा. १६ च्या जागी ८ किंवा ४ दिसल्या तर कार्ड नीट बसलेलं नाही, स्लॉट चुकला आहे, किंवा शेजारच्या एम.२ ने वाटा घेतला आहे. काही कार्डं मात्र मुळातच ८ लेनची असतात, म्हणून त्याचा तपशीलही बघा. कार्ड आणि बोर्डमधल्या जोडणीची पीसीआय एक्सप्रेस आवृत्ती कमी दिसली तर लगेच घाबरू नका. काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. एखादा खेळ चालू ठेवून परत पाहा.

पुढे कधी कार्ड काढावं लागलं तर आधी वीज, मग विजेचे प्लग, मग मागचा स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी स्लॉटचा खटका. मोठ्या कार्डाखाली तो दिसत नाही आणि बोट पोचत नाही. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पातळ काडी घालून दाबा, धातूचा स्क्रू ड्रायव्हर घसरला तर बोर्डवरच्या रेघा कापतो. खटका सुटल्याशिवाय कार्ड ओढलं तर स्लॉटच उपटून येऊ शकतो. काढून ठेवलेली पट्टी त्या रिकाम्या जागी परत लावा, म्हणजे तिथून धूळ आत जाणार नाही आणि हवेचा झोत आहे तसा राहील.